रिकिबीचं माप

दुकानाचं शटर वर ढकललं तेव्हा आतून आधी वास बाहेर आला. चामडं, मेण, एरंडेल, आणि या सगळ्यांच्या खाली मुरलेला घोड्यांच्या घामाचा वास. बरेच दिवस दुकान बंद होतं. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. अप्पा, माझे वडील, माझ्या मागे उभे होते, पण आत आले नाहीत.

"तू हो पुढे," म्हणाले, "मला अंधारात नीट दिसत नही."

अंधार नव्हता.

मद्रासच्या गिंडीला रेसच्या घोड्यांचे तबेले आहेत. त्यांच्या मागच्या अरुंद गल्लीत आमचं हे दुकान. महिनाअखेर ते सोडायचं ठरलं होतं आणि सामान आवरायला आम्ही दोघं आलो होतो. भिंतीवर लगाम, तंग, मोहरक्या टांगलेल्या होत्या तशाच होत्या. खिडकीखाली अप्पांची बसायची फळी, तिच्यावर त्यांच्या मांडीच्या जागी गुळगुळीत झालेला खोलगट डाग. आणि कोपऱ्यात, लाकडी घोडीवर, माझ्या भावाचं खोगीर. त्याच्या दोन्ही रिकिबी खाली सोडलेल्या होत्या.

रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ते लोखंडी कडं. ती चामड्याच्या वादीला लोंबते. खोगीर नुसतं ठेवायचं असेल तर रिकिबी वादीवरून वर सरकवून खोगिराला लावून ठेवतात, म्हणजे त्या कशाला आपटत नाहीत. स्वार यायची वेळ झाली की त्या खाली सोडतात. एवढं आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आम्ही जीनगर. जीन म्हणजे खोगीर, हा फारसीतून आलेला शब्द, आणि गर म्हणजे करणारा. तंजावरला राजांच्या पागेसाठी आमच्या माणसांनी खोगिरं शिवली, असं अप्पा सांगतात. पुढे राजे गेले, पागा गेली, आणि आम्ही मद्रासला आलो. शब्द तेवढे बरोबर आले. आमच्या घरची मराठी तंजावरची आहे, तिच्यात तमिळ इतकं मिसळलेलं आहे की नोकरीसाठी पुण्या-नाशिकहून इथे आलेली मंडळी आमचं बोलणं ऐकून आधी थबकतात, मग प्रेमाने हसतात. ही लिहायची मराठी मी मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मला हे नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

माझ्या लहानपणीचे आवाज म्हणजे आरीचे आवाज. जाड चामड्यात आरी शिरताना एक कुरकुर होते, आणि मेण लावलेला दोरा ओढला की लांबलचक सुस्कारा. कुरकुर, सुस्कारा, कुरकुर, सुस्कारा. शाळेतून आले की मी अप्पांच्या फळीशेजारी गोणपाटावर बसून अभ्यास करायचे. माझ्या वह्यांना एरंडेलाचा वास यायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. तो वास नसला तर मला पाठ होत नसे.

माझा मोठा भाऊ तुकोजी. अप्पा-अम्मा त्याला तुकू म्हणत, मी अण्णा. तयार झालेलं प्रत्येक खोगीर दुकानाबाहेर जाण्याआधी त्यावर अण्णाने बसायचं, ही रीत होती. तो लाकडी घोडीवर मांड ठोकून बसायचा, पुढे झुकायचा, मागे रेलायचा, कधी कधी नसलेल्या घोड्याला टाच मारून जिभेने टापांचा आवाज काढायचा.

"तुकू, टोचते का कोठे?" अप्पा विचारायचे.

"मला काय विचारता? घोड्याला विचारा."

"घोडं बोलत नही म्हणून तुला विचारतो."

प्रत्येक वेळी हेच. दोघांपैकी कोणीही हसत नसे. मग अप्पा घोडीच्या समोर जाऊन उभे राहायचे आणि दोन्ही रिकिबी सारख्या लोंबताहेत का ते बघायचे. माणूस घोड्यावर डावीकडून चढतो, सगळं वजन डाव्या वादीवर येतं, म्हणून ती हळूहळू ताणून लांबते. अप्पांची नजर एकदा डावीकडून उजवीकडे फिरायची. "सेरी," म्हणायचे, म्हणजे ठीक. एवढ्यात काम व्हायचं.

संध्याकाळी तबेल्यात हरभरे भिजत घातले जायचे, त्याचा ओलसर वास गल्लीभर पसरायचा. अम्मा घरून उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल आणायची आणि आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून ते कागदातून खायचो. अण्णा तोंड भरून बोलायला लागला की अम्मा म्हणायची, "तोबरा भरलाय आणि बडबड बघा!" समोरच्या तबेल्यात खरे तोबरे तोंडाला बांधलेले घोडे मान हलवत चावत असायचे. अण्णा त्यांच्यासारखीच मान हलवायचा. अण्णाचं आणि शाळेचं जमलं नाही. दहावीला तो दुसऱ्यांदा बसला तेव्हा अम्मा चिडून म्हणाली होती, "वर्गात नुसती खोगीरभरती झालास तू." तो म्हणाला, "भरती नसली तर खोगीर टोचतं, अम्मा. घोड्याची पाठ सोलून निघते." दुसऱ्या कोणाच्या घरात या शब्दांचा अर्थ फक्त टोमणा असेल. आमच्याकडे भरतीची लोकर पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलेली असायची. कंटाळा आला की मी तिच्यावर झोपायचे.

अण्णाला समुद्राचं वेड कुठून लागलं ते मला ठाऊक नाही. मद्रासजवळच्या कोवलमचा सेल्वम नावाचा कोळी अप्पांकडे शीड शिवायला आणायचा, तेव्हापासून असेल. खोगिराचा दोरा आणि शिडाचा दोरा सारखाच. सुई सारखीच. तळहातावर बांधायचं चामड्याचं टोपणही सारखंच. सेल्वमकडे मोटारीची फायबरची बोट आली होती, तरी एक जुनं कट्टुमरम आणि त्याचं शीड त्याने ठेवलं होतं. बांधलेली लाकडं म्हणजे कट्टुमरम. हा आमच्या इथला शब्द इंग्रजांनी कॅटामरान म्हणून उचलला आणि जगभर नेला, हे मी शाळेच्या मोठ्या शब्दकोशात शोधून अण्णाला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू त्यानेच तो पाठवला होता.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. तो कोवलमहून शब्द आणायचा आणि मी त्याचं मूळ शोधायचे. तमिळमध्ये शिडाला पाय् म्हणतात, अंथरायच्या चटईलाही पाय्. फार पूर्वी शिडं चटईसारखी विणलेली असायची, म्हणून.

"म्हणजे मी रोज शिडावर झोपतो," अण्णा म्हणाला.

"गप झोप," अम्मा म्हणाली. "वारा सुटला तर जाशील उडून."

एकदा त्याने विचारलं, जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड का म्हणतात? तिथे तारे असतात का? मी आठवडाभर शोधलं. ताऱ्यांचा काही संबंध नव्हता. जुन्या जहाजांचं सुकाणू मागे नसायचं, उजव्या अंगाला असायचं, मोठ्या वल्ह्यासारखं. सुकाणूची बाजू, असा तो शब्द. धक्क्याला ती बाजू लावली तर सुकाणू मोडेल, म्हणून जहाज डाव्या बाजूने लावायचे आणि माणसं डावीकडूनच चढायची.

अण्णा पायरीवरून उठून उभा राहिला. "आणि घोड्यावर आपण डावीकडून का चढतो?"

"तलवार डाव्या कमरेला असते. उजवीकडून चढलं तर पायात येईल."

"म्हणजे दोघांवर डावीकडूनच चढायचं!" तो आत धावला. "अप्पा! जहाज आणि घोडा, दोघांवर डावीकडूनच चढतात!"

अप्पांनी तोंडातला दोरा काढला. "चढ की मग," म्हणाले. "उतरतो कोठून ते सांग."

"उतरायचंही तिकडूनच."

"हां. तेव्हढं लक्षात ठेव."

आमच्या घरात एक गोष्ट कडक पाळली जायची. खोगीर घराचा उंबरठा ओलांडत नाही. ते दुकानात राहील, तबेल्यात राहील, घरात नाही. लढाईच्या दिवसांत घोडा रिकाम्या खोगिराने घरी परत आला की बायका काय ते समजायच्या. कोणाला काही सांगावं लागत नसे. त्यामुळे रिकामं खोगीर घरात आणायचं नाही, आणलं तर बसणाऱ्यासकट. अम्माला ही गोष्ट तिच्या सासूने सांगितलेली, आणि अम्मा ती देवाच्या दिव्याइतकी पाळायची.

एका वादळाच्या वेळी दुकान गळायला लागलं. एका गिऱ्हाइकाचं नवं खोगीर भिजू नये म्हणून अण्णा ते डोक्यावर प्लास्टिक धरून सैदापेटला घरी घेऊन आला. अम्मा दारातच हात पसरून उभी राहिली.

"बाहेर!"

"अम्मा, चामडं भिजतंय."

"भिजू दे. रिकामं खोगीर आत यायचं नही, सांगून ठेवते."

अण्णाने एकदा खोगिराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी तेव्हा लहान होते. तो पायरीवर गुडघे टेकून घोडा झाला, खोगीर स्वतःच्या पाठीवर ठेवलं, आणि म्हणाला, "बैस गं." मी त्याच्या शर्टाची कॉलर लगामासारखी धरून बसले. आणि तो रांगत, खिंकाळत, पावसाचं पाणी सांडत उंबरठ्यावरून आत आला.

"बसणाऱ्यासकट आणलंय, अम्मा! आता काय म्हणतेस?"

अम्मा भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. "अय्यो, मेल्या," एवढंच म्हणत होती. अप्पा मोरीतून हात पुसत आले, त्यांनी माझ्या लोंबणाऱ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "हिच्या रिकिबी फार लांब झाल्या." त्याच्या पाठीची ऊब खोगिरातून वर येत होती. आज इतक्या गोष्टी विसरले आहे, ती ऊब नाही विसरले.

जीनगराचा मुलगा काम शिकला की त्याने पहिलं पूर्ण खोगीर स्वतःसाठी करायचं. ते विकायचं नाही, दुकानात ठेवायचं. अण्णाने त्याचं केलं तेव्हा मी आठवीत होते. शिलाई अप्पांइतकी सरळ नव्हती, मागच्या कडेला एक टाका वाकडा गेला होता आणि तो लपवण्यासाठी त्याने तिथे उगीच एक फूल कोरलं होतं. सगळं झालं, आणि शेवटी रिकिबीच्या वाद्या राहिल्या.

वादीला भोकं पाडायची अप्पांची पद्धत वेगळी. बाकीचे सगळे आधीच सारख्या अंतरावर भोकं पाडून ठेवतात. अप्पा म्हणायचे, माणूस समोर नसताना भोक पाडायचं नही. रिकिबीचं माप पायाने घेत नाहीत, हाताने घेतात. बोटांची टोकं वादीच्या वरच्या टोकाला, खोगिराला टेकवायची, हात ताठ करायचा, वादी हाताखालून ओढून धरायची. रिकिबीचं लोखंड बगलेत येऊन टेकलं की माप झालं. माणसाचा हात आणि पाय एकमेकांना ओळखतात, असं अप्पा म्हणत. अण्णाने हात ताठ केला. लोखंड बगलेत गेल्यावर "गार लागतंय" म्हणून ओरडला. अप्पांनी नखाने खूण केली, वादी लाकडावर धरली, आणि हातोडीचा एकच घाव घातला. चामड्याची बारीक चकती खाली पडली. एवढीशी. मी ती उचलून कंपासपेटीत ठेवली होती. शाळा बदलताना कुठेतरी गेली.

ते खोगीर घेऊन अण्णा एकदा मला कोवलमला घेऊन गेला. तिथे किनाऱ्यापासून जवळच एक रायडिंग स्कूल होतं, त्यांचं सगळं काम आमच्याकडे असायचं, म्हणून ते त्याला घोडा द्यायचे. ओहोटीची वेळ होती. ओल्या वाळूवर तो आधी दुडक्या चालीने गेला, मग भरधाव. टापांचा आवाज येत नव्हता, वाळू तो पिऊन टाकत होती. फक्त खोगिराची कुरकुर ऐकू यायची, जवळ आली की. सुकत घातलेल्या मासळीच्या वासातून तो घोडा गेला आणि परत आला. सेल्वम माझ्या शेजारी जाळ्याची भोकं सांधत बसला होता.

"पाप्पा," तो म्हणाला. लहान मुलीला तमिळमध्ये पाप्पाच म्हणतात. "तुझा अण्णा कुठे बघतोय बघ. घोड्यावर बसलाय आणि नजर पाण्याकडे."

समुद्र आत आला त्या डिसेंबरात, त्सुनामीच्या वेळी, अण्णा घरी होता. सेल्वम वाचला, त्याचं कट्टुमरम गेलं. ते सगळं मी इथे लिहीत नाही, ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. एवढंच, की त्यानंतर अम्माने अण्णाला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, आणि अण्णाही बरेच महिने गेला नाही. आम्हाला वाटलं, सुटलं वेड. दुकानाचं काम तेव्हा कमी होत चाललं होतं. तयार खोगिरं बाहेरून यायला लागली होती. ओरगडमकडे गाड्यांचे कारखाने उभे राहत होते, आणि कोणीतरी अप्पांना सांगितलं की सीटची कव्हरं शिवायला हाताने शिवणारी माणसं हवी आहेत.

"गाडीला टाच मारता येते का?" अण्णा म्हणाला.

"पगार येतो," अप्पा म्हणाले.

तो गेला नाही. तो तूत्तुक्कुडीला गेला. त्या बंदरातून तोण्या, म्हणजे लाकडी गलबतं, अजून मालदीवला जातात, भाजीपाला, विटा, सिमेंट घेऊन. इंजिन असतं, पण शीडही असतं, आणि शीड शिवू शकणारा माणूस त्यांना हवा होता. सेल्वमने ओळख काढून दिली. घरात काय काय बोलणं झालं ते मला आता आठवत नाही, किंवा आठवायचं नाही. एग्मोर स्टेशनवर अम्माने त्याच्या हातात चटई दिली, गुंडाळून, सुतळीने बांधलेली. "तिकडे मिळेल गं," तो म्हणाला. "ही घे," ती म्हणाली. अप्पा डब्याच्या दारापाशी उभे होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तळहाताचं टोपण घेतलंस का?" अण्णाने खिडकीतून हात बाहेर काढून दाखवलं. टोपण हातावर बांधलेलंच होतं.

त्याचे फोन यायचे. आवाजामागे बंदराचा गोंगाट. तो अजून शब्द पाठवायचा. तोणीच्या मुख्याला इथे तंडल म्हणतात, आपल्या तांडेलाचा भाऊ आहे हा, बघ जरा. सुकाणूला सुक्कान म्हणतात, हाही आपलाच. मी सांगायचे, आपला नाही, दोघांचाही नाही, अरबांचा आहे. तो म्हणायचा, "अरब इथे चहा प्यायला आले आणि शब्द विसरून गेले वाटतं." शेवटच्या फोनवर त्याने एकच काम दिलं. "रिकीब कुठून आली ते बघून ठेव. परत आलो की सांग. आणि अप्पांना म्हण, माझ्या वाद्यांना तेल लावा, चिरतील."

अप्पांनी तेल लावलं.

काही आठवड्यांनी सेल्वम दुकानात आला. त्याने चपला बाहेर काढल्या. तो कधी काढत नसे. तो फळीवर बसला नाही, जमिनीवर बसला, आणि खाली बघून म्हणाला की तोणी मालदीवला पोहोचली नाही. शोधताहेत. अप्पांच्या हातात एक लगाम होता. त्यांनी अर्धा टाका पूर्ण केला, दोऱ्याला गाठ मारली, दोरा कापला. मग विचारलं, "अण्णाची तोणी?" त्यांनी आयुष्यात त्याला पहिल्यांदा अण्णा म्हटलं होतं, माझ्यासारखं. कशाला, ते मला कधी कळलं नाही.

अप्पा तूत्तुक्कुडीला जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तोणी सापडली नाही, माणसं सापडली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं, अण्णाच्या खोगिरावरचं फडकं काढलं, आणि दोन्ही रिकिबी खाली सोडल्या. संध्याकाळी वर चढवल्या. त्यानंतर रोज. सकाळी खाली, संध्याकाळी वर. स्वार आज येणार असेल तर खोगीर तयार असलं पाहिजे. मी शेजारी बसून पुस्तक धरायचे. लोखंड वादीवरून घसरताना एक बारीक कर्र आवाज होतो. तो आवाज झाला की दिवस सुरू झाला, आणि तोच उलटा झाला की दिवस संपला.

अम्माने त्याचं काही विचारलं नाही. रोज अप्पा घरी आले की ती फक्त त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते नाही अशी मान हलवायचे. मग जेवायला बसायचं.

कोवलमच्या रायडिंग स्कूलवाल्यांनी एकदा ते खोगीर मागितलं. चांगलं हाताने केलेलं आहे, म्हणाले, नुसतं पडून आहे. अप्पा नाही म्हणाले. रायडिंग स्कूलमध्ये रोज वेगळा स्वार. वाद्यांना भोकांची रांग लागली असती. अण्णाच्या वादीला एकच भोक होतं, त्याच्या हाताचं, आणि त्या भोकापाशी बक्कल बसून बसून चामड्याला एक घडी पडली होती. ती घडी जोवर एकटी आहे तोवर खोगीर त्याचं आहे, तो यायचा आहे. हे आमच्यात कोणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. वादीला दुसरं भोक पडलं की संपलं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मी नुंगंबाक्कमला कॉलेजात जायला लागले. ग्रंथालय इतकं मोठं की पहिल्या आठवड्यात मी दारातूनच परत यायचे. मग एक दिवस आत गेले आणि पहिलं काय केलं, तर रिकीब शोधली. अरबीतून आली, फारसीतून फिरत. मुळात अर्थ चढणं, स्वार होणं. त्याच मुळापासून अरबांचा जहाजाचाही एक शब्द झाला आहे. इंग्रजीतलं स्टिरप उघडून बघितलं, त्याचा जुना अर्थ चढायचा दोर. आणि शिडाच्या जहाजांवर वरच्या आडव्या काठीला जे आखूड दोर लोंबतात, ज्यांना खलाशांचा उंचावर पाय ठेवायचा दोर अडकवलेला असतो, त्यांनाही तेच नाव. मी पुस्तक मिटलं. पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर दोन मुली परीक्षेचं बोलत होत्या. सांगायला कोणी नव्हतं, असं नाही. अप्पांना सांगता आलं असतं. पण ते बघून ठेवायला मला ज्याने सांगितलं होतं त्याला ते आधी सांगायचं होतं. म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सामान आवरायला गेलो त्या दिवशी दुकानात मी सगळं पोत्यांत भरत होते. आऱ्या एका डब्यात, मेणाचे गोळे दुसऱ्यात. अप्पा शेवटी आत आले, फळीवर बसले, उठले, परत बसले. भिंती मोकळ्या झाल्या तेव्हा टांगलेल्या वस्तूंच्या फिकट सावल्या भिंतीवर तशाच राहिल्या. लगामाची सावली, तंगाची सावली. कोपऱ्यातलं खोगीर तेवढं शिल्लक होतं, दुकान बंद केलं त्या संध्याकाळी अप्पांनी वर न चढवलेल्या रिकिबींसकट.

"हे कुठे ठेवायचं, अप्पा?"

दुकान आता नव्हतं. तबेल्यात ठेवलं तर कोणी ना कोणी बसणारच. राहिलं घर.

"घरी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. अम्मा दारात असेल. रिकामं खोगीर.

"घरी न्यायचं तर बसणाऱ्यासकट," अप्पा म्हणाले. "तुकूने तुला बसवून आणलं होतं. पावसात. आठवते का?"

"आठवतं."

"हात दे."

मला कळलं आणि मी हात मागे घेतला. "अप्पा, नको."

"दे मा." ते मला असं लाडाने मा कधी म्हणत नाहीत. "तो आला तर खाली त्याचं भोक आहेच की. ते काय मी बुजवतो का?"

मी खोगिराजवळ गेले. वादीच्या वरच्या टोकाला बोटं टेकवली. त्यांनी वादी माझ्या हाताखालून ओढली. लोखंड बगलेच्या मागे कुठेतरी गेलं. माझा हात अण्णाच्या हातापेक्षा आखूड होता, लांब वादी उरली. त्यांनी वादी वर घेतली, आणखी वर घेतली, आणि रिकीब माझ्या बगलेत येऊन टेकली. गार होती. मी ओरडले नाही.

त्यांनी नखाने खूण केली. वादी लाकडावर धरली. हातोडी उचलली, आणि तशीच धरून ठेवली. बाहेर कोणीतरी घोडा नेत होतं, नाल रस्त्यावर वाजत होते. ते नाल गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले. मग घाव पडला. चकती जमिनीवर पडली. या वेळी मी ती उचलली नाही, अप्पांनी उचलली आणि खिशात ठेवली. मग दुसरी वादी.

"बैस," ते म्हणाले.

मी डावीकडून चढले. आयुष्यात दुसऱ्यांदा खोगिरावर बसले, आणि या वेळी खाली लाकूड होतं. पाय रिकिबीत बरोबर बसले. कुठे लोंबले नाहीत.

"टोचते का कोठे?"

पुढचं वाक्य कोणाचं होतं, दोघांनाही माहीत होतं. मी तोंड उघडलं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, त्याच्याच आवाजात होतं, आणि मला ते म्हणता आलं नाही. अप्पा थांबले. जेवढा वेळ अण्णाला लागला असता तेवढा वेळ थांबले.

"घोडं बोलत नही," ते हळूच म्हणाले, "म्हणून तुला विचारतो."

"नही टोचत, अप्पा."

त्यांनी मान हलवली. मग घोडीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही रिकिबी सारख्या लोंबताहेत का ते बघायला लागले. मी पाय हलवले नाहीत. डावीकडून उजवीकडे त्यांची नजर फिरली. परत डावीकडे आली. रिकिबी केव्हाच सारख्या झाल्या होत्या. अप्पा समोरून हलले नाहीत.